विहिरीची चावी कुणाच्या हातात? मोटेपासून सौरपंपापर्यंतची एक नोंद



गेल्या आठवड्यात विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन भंगारात दिलं. किती तरी वर्षं ते सुरूच केलं नव्हतं, पण "लाइटीचा काय भरवसा, असू दे" म्हणत वडिलांनी ठेवलेलं. इंजिन निघाल्यावर त्याचा ओटा फोडला, तर आत मोटेच्या थारोळ्याचा घडीव दगड निघाला. आजोबांनी बसवलेला. मोट बंद झाल्यावर वडिलांनी तोच दगड उचलून इंजिनाच्या ओट्यात घातला होता. आता त्याच जागेला लागून सौरपंपाचा कंट्रोलर बसायचाय.

बातम्यांत "देशाची ऊर्जा सुरक्षा" हा शब्द ऐकला की वाटतं, हा दिल्लीचा विषय, आपल्याला काय त्याचं? पण विहिरीच्या काठावर उभं राहून बघा, प्रश्न अगदी साधा आहे. पाणी उपसायची ताकद कुठून येते, आणि ती बंद करायची चावी कुणाच्या हातात असते? आजची नोंद जरा लांबली आहे, पण या एकाच प्रश्नाच्या मागं जाऊन शंभर वर्षांचा हिशोब मांडायचाय.

मोट: चावी आपली, पण ताकद थोडी

मोटेचं इंधन म्हणजे कडबा. तो आपल्याच रानातला. बैल आपले, नाडा आपला, मोट गावातल्याच कारागिरानं शिवलेली. बाहेरून काही यायचं नव्हतं, म्हणून बाहेरून कुणी बंदही करू शकत नव्हतं.

पण उगाच गोडवे गाऊ नयेत. पहाटेपासून धावेवर बैल मागं-पुढं हाकले तरी दिवसाकाठी भिजायचे ते काही गुंठे. पाणी खोल गेलं की बैल थकायचे. आणि ज्या वर्षी पाण्याची गरज सगळ्यात जास्त, त्याच वर्षी वैरण संपायची. १९७२ च्या दुष्काळात कित्येकांनी दावणीची जनावरं सोडून दिली, मिळेल त्या भावात विकली. बैल गेला म्हणजे मोट थांबली. तेव्हा आपली ऊर्जा आपल्या हातात असणं चांगलं खरं, पण तेवढ्यानं भागत नाही. ती पुरेशी पण लागते.

इंजिन: ताकद आली, चावी परदेशात गेली

१९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत महाराष्ट्राच्या विहिरींवर इंजिनांचा आवाज घुमू लागला. हँडल मारायचं, इंजिननं धूर सोडला की पाट भरून वाहायचा. बैलांचं दिवसाचं काम इंजिन तासा-दोन तासांत करायचं. बागायत वाढली ती या ताकदीवर.

पण इंजिन कडबा खात नव्हतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये तिकडं अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. आपण नुकते दुष्काळातून उठत होतो. ज्या युद्धाशी आपला काही संबंध नाही, त्याची झळ थेट आपल्या विहिरीवरच्या डिझेलच्या डब्याला लागली.

योगायोग असा की १९७४ मध्येच मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायला, तेल लागलं आणि १९७६ पासून निघू लागलं. त्यानं मोठा आधार दिला, पण गरज त्याहून वेगानं वाढली. १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं, तेल पुन्हा भडकलं. १९९१ मध्ये देशाची परकीय गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि रिझर्व्ह बँकेला सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. त्या संकटाला इतरही कारणं होती, पण तेलाचं बिल हे त्यातलं मोठं. आजही देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणी, मालवाहतूक, सगळं त्यावर. त्यामुळं समुद्रापलीकडं युद्धाची बातमी आली की सराफाच्या आधी शेतकऱ्यानं कान टवकारावेत.

वीज: पाण्यापासून सुरुवात

अक्षय ऊर्जा ही काल-परवा आलेली गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. महाराष्ट्रात मात्र मोठ्या विजेची सुरुवातच तिच्यापासून झाली. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या आणि कोळसा पार बंगालकडून यायचा. महाग, आणि वेळेवर येईल याची खात्री नाही. त्यावर तोडगा म्हणून टाटांनी लोणावळ्याच्या बाजूला सह्याद्रीचा पाऊस तळ्यांत अडवला, नळातून घाटाखाली सोडला आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज दिली. पुढं १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. लांबून येणाऱ्या कोळशाऐवजी आपल्याच डोंगरावरचं पाणी. ऊर्जा सुरक्षेचा याहून सरळ धडा नाही.

पण त्याच धड्याची दुसरी बाजू मुळशीत आहे. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं आणि मावळ्यांची भातखाचरं, घरं, देवळं पाण्याखाली जाणार हे उघड झालं. १९२१ मध्ये तिथं सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना "सेनापती" हे नाव मिळालं ते याच लढ्यातून. लढा हरला, धरण झालं. वीज मुंबईला गेली, जमीन मावळातली गेली. स्वच्छ ऊर्जेची किंमत कुणी तरी मोजतोच, आणि बहुतेक वेळा मोजणारा एक असतो न वापरणारा दुसरा.

कोयनेचीही हीच गत. १९६० मध्ये राज्य झालं, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं आणि दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, कोयनेतून वीज मिळू लागली. टप्प्याटप्प्यानं ती १,९६० मेगावॅटपर्यंत गेली. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सोसूनही कोयना उभी राहिली आणि राज्याचा गाडा ओढत राहिली. शेतापर्यंत खांब आले, त्यामागं कोयनेचा मोठा हात आहे. पण कोयनेचे धरणग्रस्त पिढ्या उलटल्या तरी पुनर्वसनाच्या हक्कासाठी आंदोलनं करत राहिले, हेही याच इतिहासात लिहायला पाहिजे.

एकाच खाडीवरची दोन उत्तरं

आता नकाशा उघडून एक गंमत बघा. कोयनेचं वीज करून झालेलं पाणी पश्चिमेला वाशिष्ठी नदीत उतरतं आणि वाशिष्ठी दाभोळजवळ समुद्राला मिळते. त्याच खाडीच्या तोंडाशी नव्वदच्या दशकात एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला.

राज्याला वीज कमी पडत होती हे खरं. पण उत्तर निवडलं ते नाफ्त्यावर आणि पुढं आयात केलेल्या गॅसवर चालणारं. दर डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, तेल चढलं, रुपया उतरला, वीज मंडळाला बिल झेपेना. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. नदीचं पाणी येतं त्याच मुखाशी जहाजानं इंधन आणायचं ठरलं होतं. पहिल्याला पाऊस पुरतो, दुसऱ्याला डॉलर लागतात. हा फरक मंडळाला कोट्यवधी रुपये घालवून कळला.

त्याचा फटका आपल्याला बसला तो भारनियमनात. २००५ नंतरची ती वर्षं कोण विसरेल? गावाकडं बारा-बारा तास लाइट नाही. डीपी जळाली तर वर्गणी काढायची, ऊस वाळताना बघत बसायचं. त्याच वर्षी मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या, पण रानातल्या माणसाला पाटी बदलल्याचंच तेवढं दिसलं.

रात्रीचं दारं धरणं कुठून आलं?

नव्या पोरांना वाटतं, शेतीला रात्री लाइट ही देवानंच ठरवलेली गोष्ट. तसं नाही. त्यामागं हिशोब आहे.

कोळशाचं वीजघर आपल्या चुलीसारखं फुंकर मारून पेटवता-विझवता येत नाही. बॉयलर थंड करून पुन्हा तापवायचा म्हणजे वेळ आणि पैसा. म्हणून ते रात्रीही चालूच ठेवतात. पण रात्री कारखाने, दुकानं, कचेऱ्या यांची मागणी उतरते. मग उरलेली वीज द्यायची कुणाला? शेतकऱ्याला. दिवसा शहर, रात्री शेती. आठवड्याची पाळी लागली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास.

या हिशोबात कुणी न धरलेली किंमत म्हणजे आपला जीव. थंडीत गुडघाभर चिखलात बॅटरी तोंडात धरून बारं फिरवणं, पाटात साप, जुन्नर-नाशिककडं उसात बिबट्या. माझा एक चुलतभाऊ रात्री स्टार्टरला ओला हात लावून फेकला गेला होता. वाचला, पण त्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. प्रत्येक गावात असं एखादं घर सापडतंच. आणि रात्री झोप अनावर झाली की मोटार चालू ठेवून माणूस आडवा होतो, पाणी सरीतून बांधाबाहेर जातं. कृषी अधिकारी पाण्याच्या बचतीवर भाषण देतात. त्यांनी एक आठवडा रात्रपाळीचं दारं धरून बघावं, पाणी का वाया जातं ते कळेल.

"अपारंपरिक" ऊर्जेचा रस्ता

१९७३ आणि १९७९ या दोन तेलसंकटांनंतर केंद्रानं १९८१ मध्ये ऊर्जेच्या नव्या स्रोतांसाठी आयोग नेमला. १९८२ मध्ये वेगळा विभाग झाला, १९९२ मध्ये त्याचं मंत्रालय झालं. ही सुरुवात हवामान बदलाच्या चर्चेतून झालेली नाही, तेलाच्या धसक्यातून झालेली आहे. हे लक्षात ठेवा, कारण आजही देश सौरऊर्जेकडं वळतोय त्यात कार्बन कमी करणं हे जेवढं कारण आहे, तेवढंच आयात कमी करणं हेही आहे.

त्या काळात गावोगाव गोबरगॅस आला. ज्यांनी नीट सांभाळला त्यांच्या बायकांचं सरपण सुटलं, शिवाय रानाला स्लरी मिळाली. ज्यांच्याकडं जनावरं कमी झाली किंवा टाकीला तडा गेला, तिथं कुणी बघायला आलं नाही आणि टाकीत आता गवत उगवतं. यंत्र वाटलं, पण दुरुस्तीची सोय वाटली नाही. सौरपंप घेताना हा धडा विसरू नका. पुढं २००० च्या आसपास सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या फिरू लागल्या. वीज झाली, पण पठारावरच्या कित्येक शेतकऱ्यांसाठी पवनचक्की ही लांबून बघायची वस्तूच राहिली.

आता सूर्य हिशोब उलटा करतोय

आता मुद्द्यावर येतो. गेल्या दहा-बारा वर्षांत सौर वीज स्वस्त झाली. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेल-गॅस सोडून इतर स्रोतांची झाली. २०३० साठी ठरवलेलं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. पण फसू नका: क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. सूर्य रात्री नसतो. म्हणून प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे.

आणि इथंच शेतकऱ्याचं महत्त्व आहे. सौर वीज भरपूर असते ती सकाळी नऊ-दहा ते दुपारी चारपर्यंत. तेव्हाच वापरता येईल असा मोठा ग्राहक कोण? कारखान्याला रात्रपाळी असते, घराला संध्याकाळी दिवे लागतात. पण पिकाला दिवसा पाणी दिलं तर चालतंच, उलट बरं. चाळीस वर्षं उरलेली वीज रात्री होती म्हणून आपण रात्री जागलो. आता जास्तीची वीज दिवसा आहे. पहिल्यांदाच वीज कंपनीचा फायदा आणि शेतकऱ्याची झोप एका बाजूला आलेत.

महाराष्ट्रात याच विचारानं २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. राळेगण सिद्धी हे तिच्या सुरुवातीच्या प्रयोगांचं गाव. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीची वाहिनी दिवसा त्यावर चालवायची. आपल्या विहिरीवरची मोटार तीच, खांब तेच, फक्त वीज दिवसा. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा आला, त्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. दुसरा रस्ता म्हणजे २०१९ ची पीएम-कुसुम आणि २०२४ ची मागेल त्याला सौर कृषिपंप योजना: खुल्या गटाला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के भरायचे, बाकी सरकारचं.

कार्बनचा हिशोबही आपल्या मोटारीवर करू. पाच एचपीची मोटार तासाला साधारण साडेचार युनिट ओढते. आठ तास चालली तर छत्तीस युनिट. देशाच्या ग्रिडची एक युनिट वीज करताना सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे दिवसाला पंचवीस किलो. वर्षात अशी शंभर पाणी दिली तर अडीच टन, एका मोटारीचे. डिझेल इंजिन असेल तर प्रत्येक लिटरमागं सुमारे २.७ किलो. राज्यात चाळीस लाखांहून जास्त कृषिपंप आहेत, पुढचा गुणाकार तुम्हीच करा. शेतकऱ्यानं हवामानासाठी काय केलं असं कुणी विचारलं तर हे उत्तर द्यायचं.

काही जण म्हणतात, पॅनेलचा मालही बराचसा चीनमधून येतो, मग सुरक्षा कसली? मुद्दा बरोबर आहे, म्हणून तर कुसुमच्या पंपांना देशी सेलचीच अट आहे. पण फरक बघा. पॅनेल एकदा आलं की वीस-पंचवीस वर्षं चालतं. डिझेल रोज यायला लागतं. बी एकदा विकत घेणं आणि रोजची भाकरी विकत घेणं यात जेवढा फरक, तेवढा.

सावध राहायच्या तीन गोष्टी

१. पाणी. डिझेलच्या इंजिनाला खिसा थांबवायचा, मोटारीला भारनियमन थांबवायचं. सौरपंपाला थांबवणारं कुणी नाही. ऊन आहे तोवर फुकट उपसा. जुनी मोटार तशीच ठेवून शेजारी सौरपंप लावला आणि बोअर आणखी खोल नेला, तर कार्बन वाचणार नाही आणि पाणी मात्र संपेल. ठिबक नसेल तर सौरपंप हा विहिरीला लागलेला जळू आहे, हे मी स्वतःला बजावतोय. ज्यांचं पाणी तीनशे फुटांखाली गेलंय त्यांनी तर अर्ज भरण्याआधी हेड आणि एचपीचं गणित जाणकाराकडून करून घ्यावं. ढगाळ दिवसांत पाणी कमी येणार हेही धरून चाला.

२. जमीन. सौर प्रकल्पाला मेगावॅटमागं चार-पाच एकर लागतात आणि बऱ्याच ठिकाणी गायरान पुढं केलं जातं. कागदावर ते पडीक असतं. प्रत्यक्षात तिथं मेंढरं चरतात, भूमिहीनाची शेळी चरते. मुळशीची चूक छोट्या मापात गावोगाव करायची नसेल तर ग्रामसभेत आधी त्यांना विचारा.

३. दुरुस्ती. गोबरगॅसची टाकी आठवा. पाच वर्षांच्या देखभालीचा कागद, विम्याचा कागद, तक्रारीचा नंबर हातात आल्याशिवाय सही करू नका. आमच्या शेजाऱ्याचा कंट्रोलर ऐन उन्हाळ्यात गेला आणि पुरवठादाराचा माणूस यायला तीन आठवडे लागले. कलिंगडाचं काय झालं असेल ते सांगायला नको.

मी काय ठरवलंय? आमच्या विहिरीला पाणी वर आहे, ठिबक आहे, म्हणून सौरपंपाचा अर्ज भरलाय आणि जुनं कनेक्शन सोडायची तयारी ठेवलीय. पण सगळ्या गावानं असंच करावं असं मी म्हणणार नाही. ज्यांची मोटार आणि लाइन चांगली आहे, त्यांना दिवसाची सौर वाहिनी जास्त सोपी. दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे: इंधन आपल्याच रानावर रोज पडतं आणि त्याची जहाजं कुणी अडवू शकत नाही.

थारोळ्याचा तो दगड मी फेकला नाही. कंट्रोलरच्या खांबाच्या पायात घालणार आहे.

तुमच्या विहिरीवर शेवटची मोट कधी चालली, पहिलं इंजिन कधी आलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून खाली लिहा. आणि सौरपंप दोन वर्षांहून जुना असेल तर खरा अनुभव लिहा, चांगला-वाईट दोन्ही. पुढच्या नोंदीत तो हिशोब एकत्र मांडू.